अंबरनाथला नेलेले मणी

अंबरनाथला लोक शिवमंदिर बघायला जातात, नाहीतर नोकरीला. मी थर्मासमध्ये जिलेटिनचे मणी घेऊन गेलो होतो. परत आल्यावर आमच्या संस्थेत ज्याने त्याने विचारलं, "काय, कसा झाला प्रवास?" मी सगळ्यांना लछूभाईंच्या नळकांड्याची गंमत सांगितली आणि सगळे पोट धरून हसले. बाकीचं कुणाला सांगितलं नाही. ते इथे लिहितो आहे.

गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत चार वर्षं एकाच एन्झाइमच्या मागे होतो. शाळेच्या पुस्तकात ह्याला विकर म्हणतात, पण विकर म्हणणारा माणूस मी प्रयोगशाळेत पाहिलेला नाही. कोकणातल्या एका गरम पाण्याच्या कुंडातून मी चिखल आणला होता. आणताना एक पाय कुंडात गेला आणि घोट्यापर्यंतची कातडी सोलून निघाली, ती हकीकत वेगळी. त्या चिखलात एक जिवाणू होता. आपला चहा ज्या तापमानाला ओठ पोळवतो, त्या तापमानाला तो सुखाने नांदत असे, आणि त्याच्या पोटातलं हे एन्झाइम ग्लुकोजचं फ्रुक्टोज करत असे. फ्रुक्टोज म्हणजे फळांतली, मधातली साखर. ग्लुकोजपेक्षा कितीतरी गोड. मक्याच्या पिठापासून ग्लुकोज करणारे कारखाने आपल्याकडे होते, पण पुढची ही उडी मारायला बाहेरून एन्झाइम आणावं लागे. आमचं चाललं असतं, तर लागलं नसतं.

त्याची रचना मला पाठ होती, अजून आहे. चार सारखे भाऊ पाठीला पाठ लावून बसावेत तसे चार तुकडे. प्रत्येक तुकडा म्हणजे आठ फळ्यांचं एक छोटं पिंप. प्रत्येकाची एक लांब शेपटी शेजारच्याच्या कमरेभोवती, त्यामुळे उकळत्या पाण्यातही कुणी कुणाला सोडत नाही. आणि प्रत्येक पिंपाच्या तोंडाशी दोन जागा, मॅग्नेशियमच्या दोन कणांसाठी. ते तिथे बसले की ग्लुकोज आत येतं, जरा वाकतं, आणि फ्रुक्टोज होऊन बाहेर पडतं. त्या जागी कॅल्शियम येऊन बसलं की काम बंद. ह्या कॅल्शियमवर माझ्या प्रबंधात पूर्ण एक प्रकरण आहे. हे इथे मुद्दाम नोंदवतो, म्हणजे पुढे माझी कीव करायला कुणाला जागा राहू नये.

प्रकल्पांना पैसे देणाऱ्या संस्थेच्या समितीने शेवटची मुदत दिली होती. महिनाअखेरपर्यंत एखाद्या खऱ्या कारखान्यात, खऱ्या रसावर हे चालवून दाखवा, नाहीतर प्रकल्प बंद. एन्झाइम जिलेटिनमध्ये पक्कं बांधून चार वर्षांच्या कमाईचे मणी झाले साडेतीनशे ग्रॅम. पुन्हा तेवढे करायचे तर आठ महिने. म्हणजे प्रयोग एकदाच.

उल्हासनगर, शुक्रवार

मणी ठेवायला उभं, दुहेरी भिंतीचं एक स्टीलचं नळकांडं हवं होतं. आतल्या नळीत मणी, त्यातून वरून खाली साखरेचा रस, आणि दोन भिंतींच्या मध्ये रस गरम ठेवायला वाफ. पुण्यात ज्याला विचारलं त्याने "ड्रॉइंग ठेवून जा, बघू" म्हणून सांगितलं. माझा कॉलेजमधला मित्र शरद सबनीस अंबरनाथला एका ग्लुकोजच्या कारखान्यात केमिस्ट होता. त्याने फोनवर सांगितलं, "वेडा आहेस का? उल्हासनगरला ये. कॅम्प तीनमध्ये लछूभाई आहेत. दुपारी दिलंस तर संध्याकाळी मिळेल."

लछूभाईंचं वर्कशॉप म्हणजे एका बाजूला शिवणयंत्रांचे सुटे भाग, दुसऱ्या बाजूला आइस्क्रीमचे डबे, मध्ये वेल्डिंगच्या ठिणग्या, आणि त्या सगळ्यात पांढराशुभ्र लेंगा-सदरा घातलेले, साठीचे लछूभाई. मी नाव सांगायच्या आधी पुढ्यात भाजलेला पापड आणि पाण्याचा ग्लास आला. सिंध्यांच्या घरी-दारी ही पद्धतच आहे. पुण्यात मी अनेक कार्यालयांत तासन्‌तास बसलो आहे आणि माझ्या पुढ्यात फक्त आलेल्याने सही करायची वही आली आहे, म्हणून हे लक्षात राहिलं.

लछूभाईंनी माझं ड्रॉइंग उजेडाकडे धरलं. उलटं केलं. पुन्हा सुलटं केलं.

"साईं, बहुत बढिया ड्रॉइंग. लाइन एकदम सीधी."

मी संकोचल्यासारखं केलं.

"माल ऊपर से जाता है ना?"

"हां."

"फिर निकलता किधर से है?"

मी कागद पाहिला. तीन रात्री बसून काढलेलं चित्र. भिंतींची जाडी, वाफेची वाट, थर्मामीटरची जागा, सगळं होतं. रस बाहेर पडायला भोक नव्हतं.

लछूभाई आपल्या वेल्डरला म्हणाले, "डॉक्टरसाहब ने डिब्बा बनाया है. हम नल लगा देंगे." मग माझ्याकडे वळून, अगदी मायेने, "होता है साईं. पढा-लिखा आदमी अंदर जाने का सोचता है, बाहर आने का नहीं."

हीच ती गंमत, जी मी परतल्यावर सगळ्यांना सांगितली.

त्यांचं लक्ष मग थर्मासकडे गेलं. उघडून दाखवला. बर्फात ठेवलेल्या पिशवीत पिवळसर मणी.

"साबूदाना?"

"एन्झाइम. उकळत्या पाण्याच्या झऱ्यातलं आहे."

"गरम पानी का है, तो बरफ में काय को?"

चार वर्षांत हा प्रश्न मला एकानेही विचारला नव्हता, मीही स्वतःला नव्हता. आमच्या धंद्यात एन्झाइम म्हटलं की बर्फ. देवापुढे चप्पल काढावी तसं. कुठल्या देवापुढे, हे कुणी बघत नाही. मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच त्यांच्याच गल्लीत उभ्याउभ्या दाल-पकवान खाल्लं. तळलेली कडक पुरी, वर जाडसर चणाडाळ, चिंच, कच्चा कांदा. आमच्याकडे सकाळच्या बशीत पोहे असतात, त्यावर खोबरं इतकं बेताचं की मोजता यावं. इथे न्याहरी म्हणजे दिवसाशी कुस्ती खेळायची तयारी. मी दोन खाल्ले आणि स्वतःला अजिंक्य समजून नळकांडं काखेत मारून रिक्षात बसलो.

अंबरनाथ, शनिवार

सबनीस मला आधी देऊळ दाखवायला घेऊन गेला. "कारखाना कुठे पळतोय," म्हणाला. हजार वर्षांचा दगड, अंगभर कोरीवकाम, माणसांची, हत्तींची, देवांची गर्दी. आणि शेजारून वालधुनी नदी वाहत होती. त्या दिवशी तिचा रंग पिकलेल्या जांभळासारखा होता.

"आज जांभळा म्हणजे रंगवाल्यांची पाळी," सबनीस म्हणाला. "हिरवा असेल तर पलीकडचे. पांढरा फेस आला तर..."

"तर?"

"तर आम्ही." तो हसला नाही. "तुझं एन्झाइम चाललं ना, तर आमच्यासारख्यांना काहीतरी बरं करता येईल रे. नुसतं गोळ्या-चॉकलेटवाल्यांना पाक पुरवून सतरा वर्षं गेली."

कारखाना आनंदनगरला, औद्योगिक वसाहतीच्या टोकाला. आत शिरताच उकडलेल्या मक्याचा वास. सबनीसने मालकांना कसंबसं राजी करून एक टाकी मिळवली होती. मालक चारला बघायला येणार होते. टाकीजवळ ऑपरेटर उभे होते, गणपत भोईर. बारवीकडच्या एका पाड्याचे, पन्नाशीचे, हाताची बोटं वाफेने कायमची गुलाबी झालेली. बारा वर्षं त्याच कढईवर.

"भोईर, ह्यांना रस कसा होतो ते सांगा," सबनीस म्हणाला.

भोईरांनी मुलांना पाढा सांगावा तसं सांगितलं. "मक्याचं पीठ, पानी. त्याच्यान्‌ कॅल्शियम. मंग पयलं एन्झाइम, मंग वाफ. पीठ पातल झाला का दुसऱ्या टाकीन. थय दुसरं एन्झाइम, दोन दिवस. मंग हा रस."

मी मान हलवली. जाणकार माणूस हलवतो तशी, किंचित, डोळे बारीक करून. खरं सांगायचं तर मी त्या वेळी लछूभाईंनी बसवलेली तोटी उघडते की नाही ते बघत होतो. चार वर्षं माझं ग्लुकोज पांढऱ्या बाटलीतून आलं होतं, शुद्ध, कोरडं, लेबल लावलेलं. ते मक्यापासून निघतं हे मला माहीत होतं, जसं पृथ्वी फिरते हे माहीत असतं.

नळकांड्यात मणी भरले. रसात बेताचं मॅग्नेशियमचं मीठ टाकलं, प्रयोगशाळेतल्या मापानेच. पासष्ट अंशांवर रस सोडला. नऊ वाजले होते.

मोजायला पोलॅरिमीटर होता. लांब नळीत रस भरायचा आणि भिंगातून पाहायचं. ग्लुकोज उजेडाला उजवीकडे वळवतं, फ्रुक्टोज डावीकडे. म्हणजे आमचं एन्झाइम काम करत असेल तर आकडा हळूहळू डावीकडे सरकायला हवा. दर अर्ध्या तासाने मी डोळा लावत होतो. नऊ, साडेनऊ, दहा. आकडा जागचा हलेना. अकराला मी भिंग पुसलं. साडेअकराला चष्मा पुसला. बाराला सबनीसला बघायला लावलं.

"उजवीकडेच आहे," तो म्हणाला.

"किती उजवीकडे?"

"सकाळी होता तितकाच."

भोईरांनी तोटीखाली बोट धरून थेंब चाटला. "आमच्याच रसासारका लागतंय."

डबा संपवला. ह्या वेळी शहाण्या माणसाने काय केलं असतं? रस बंद केला असता. मणी साध्या पाण्याने धुतले असते. शांत बसून विचारलं असतं, ह्या रसात असं काय आहे जे माझ्या बाटलीत नव्हतं? पण मी विचार करतो तेव्हा हात स्वस्थ राहत नाहीत. शिवाय चारला मालक येणार होते. मला वाटलं, हे गरम कुंडातलं आहे, ह्याला इथे थंडी वाजत असणार. सकाळपर्यंत बर्फात होतं, आता जरा ऊब दिली की उठेल.

"भोईर, वाफ वाढवा."

"किती सायेब?"

"नव्वद. पंचाण्णवपर्यंत नेऊ."

भोईर चाकावर हात ठेवून थांबले. "रस करपंल."

"अहो, उकळत्या झऱ्यातलं आहे ते. तुमच्याआमच्यासारखं नाही."

"झऱ्यान्‌ वाफ नसते ना सायेब," ते म्हणाले, पण चाक फिरवलं.

वाफ भिंतीशी किती तापते हे थर्मामीटरला कळत नाही, तो मध्ये असतो. हे भोईरांना बारा वर्षांच्या भाजलेल्या बोटांनी माहीत होतं. अडीच वाजता रस सोनेरी झाला. मी म्हणालो, बघा, काहीतरी होतंय. पावणेतीनला तो चहासारखा झाला. तीनला नळकांड्यातून जळक्या गुळाचा वास आला आणि तोटीतून थेंब यायचे थांबले. उघडलं तेव्हा मणी एकमेकांना चिकटून एक तपकिरी गोळा झाला होता. मी चिमट्याने एक मणी सोडवायचा प्रयत्न केला. तो दगडासारखा टणक होता.

भोईरांनी पुन्हा थेंब चाटला आणि थुंकला. "कडू."

मालक चारला आले, दारातच थांबून हवा हुंगली आणि सबनीसला म्हणाले, "काय सबनीस, काकवी काढताय?" आणि गेले. रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

बदलापूर, रविवार

मी कुळगावात सबनीसच्या घरी राहिलो होतो. सकाळी भोईर दारात उभे. "चला सायेब, आमच्याकडं जेवाला. कालपासून तुमचा त्वांड बगवत नाय."

बारवीच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत, दहा-बारा घरांचा पाडा. भात कापून झालेला, खाचरं कोरडी, कडेला पेंढ्यांच्या उडव्या. अंगण शेणाने सारवलेलं, सबनीस आणि मी पाटावर बसलो. तांदळाची भाकरी, तव्यावरून थेट ताटात. वालाची भाजी, परतलेली सुकट, कांदा. पुण्यात आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, तीही डॉक्टरांनी सांगितली तर. ही पांढरी, पातळ, वाफाळती. भोईरांची बायको माझ्या ताटाकडे टक लावून होती. रिकामं दिसलं की भाकरी पडत होती.

"लाजू नका," ती म्हणाली. "यांनी कैक बामनं आनली, पन सुकट खानारा बामन पयलाच."

"हा सायन्सचा बामन हाय," भोईर म्हणाले. "जिवाणू खातो."

आदल्या दिवसापासून पहिल्यांदा मी हसलो. मग ती नवऱ्याला म्हणाली, "पन तुमी थय करता काय दिवसभर? हातांची कातडी जलली, तरी मना कदी सांगितला नाय."

भोईर खुलले. पाहुण्यांसमोर कामाबद्दल बोलायची संधी रोज येत नाही. भाकरीचा तुकडा हातात धरून ते तिला सांगू लागले. "बग. मक्याचं पीठ घ्याचा. पानी घालाचा. मंग कॅल्शियम..."

माझा हात ताटातच राहिला.

"कशाला कॅल्शियम?" मी विचारलं.

"त्याच्याबिगर पयलं एन्झाइम टिकत नाय ना. तुमाला काल सांगला व्हता."

सांगितलं होतं. मी मान हलवली होती.

पिठाची साखर करणाऱ्या पहिल्या एन्झाइमला जगायला कॅल्शियम लागतं. माझ्या एन्झाइमचं काम कॅल्शियमने थांबतं. काल नऊ वाजता रसाबरोबर भरपूर कॅल्शियम माझ्या मण्यांत शिरलं, चिमूटभर मॅग्नेशियमला बाजूला सारून त्या दोन-दोन जागांवर जाऊन बसलं. एवढंच झालं होतं. मी सबनीसला सांगितलं. तो केमिस्ट आहे, अर्ध्या वाक्यात त्याला कळलं.

"मग काय करायला हवं होतं?"

"मॅग्नेशियमच्या पाण्याने धुवायचं. दोन तास. कॅल्शियम निघून गेलं असतं. आणि पुढचा रस कॅल्शियम काढून द्यायचा."

"म्हणजे काल दुपारी दोन वाजता ते जिवंत होतं?"

"हो."

"आणि अडीच वाजता..."

"हो."

भोईर आमच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते. त्यांना वाटलं आपलं काही चुकलं. "जास्त टाकतो काय मी?" त्यांनी विचारलं. सबनीस म्हणाला, "नाही भोईर. तुमचं बरोबर आहे. तुम्ही सगळं बरोबरच केलंत." वहिनींनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मी ती पूर्ण खाल्ली. कशी, ते आठवत नाही.

बदलापूर, सोमवार

सकाळी स्टेशनजवळच्या एसटीडी बूथमधून विभागप्रमुखांना फोन लावला. सबनीस काचेबाहेर माझी बॅग धरून उभा होता. दार नीट बंद होत नव्हतं.

सर चांगले होते. एकदम म्हणाले, "आवाजावरून कळलं. नाही झालं ना?"

"नाही, सर."

"हे बघा, समिती मला दोनच प्रश्न विचारणार. एन्झाइममध्येच खोट असेल तर प्रकल्प बंद करू, कुणावर ठपका नाही, तुम्हाला दुसरं काम देऊ. पण करण्यात काही चूक झाली असेल तर तसं सांगा. मग मी भांडून आणखी एक वर्ष मिळवीन. अर्थात मग तुमच्याकडे ठेवता येणार नाही, दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल. काय समजू मी?"

ह्याहून सोपा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नाही. मी सांगायचं होतं, सर, एन्झाइम उत्तम आहे, गाढव मी आहे. सगळ्या आयुष्यात मी स्वतःला गाढव म्हणत आलो आहे, चारचौघांत, टाळ्या घेत. ह्या वेळी ते खरं होतं आणि उपयोगाचं होतं. एक वर्ष मिळालं असतं. दुसऱ्या कुणीतरी मणी धुतले असते, आकडा डावीकडे सरकला असता, आणि त्याच्याबद्दल जे छापून आलं असतं त्यात माझं नाव आभारांच्या ओळीत असतं. किंवा नसतं.

"एन्झाइममध्येच खोट आहे, सर," मी म्हणालो. "कारखान्यात टिकत नाही."

"नक्की?"

"नक्की."

बाहेर आलो. सबनीसने बॅग हातात दिली. ऐकलं होतं की नाही, मी विचारलं नाही. गाडी येईपर्यंत थांबतो म्हणाला होता, तो थांबला नाही.

महिनाअखेरीला प्रकल्प बंद झाला. फाइलवर कारण आहे: औद्योगिक परिस्थितीत विकर निष्क्रिय. अक्षर माझं आहे. तिथे मात्र मी विकर लिहिलं. तापणाऱ्या कपाटातल्या जिवाणूंच्या नळ्यांना कुणीच वाली उरला नाही. जागा हवी होती, त्या उकळून टाकून दिल्या. मला दुसरं काम मिळालं. बरं आहे.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी एक पोस्टकार्ड आलं. निळ्या शाईतलं, ओळी वर चढत गेलेल्या. सबनीसकडून पत्ता घेऊन भोईरांनी स्वतः लिहिलं होतं. सायबांना नमस्कार. घरी सगळ्यांना नमस्कार. पुढे लिहिलं होतं की त्या दिवसापासून मनाला लागून राहिलं, म्हणून मालकांना न विचारता छोट्या कढईत कॅल्शियमशिवाय करून बघितलं. पहिल्या वेळी पिठाच्या गुठळ्या झाल्या. मग वाफ कमी ठेवली आणि पहिलं एन्झाइम दोनदा विभागून टाकलं. वेळ दुप्पट लागतो, पण पीठ विरघळतं. रस झाला आहे, चांगला स्वच्छ आहे, सबनीस सायबांनी तपासला. तुमचे मणी कधी आणता ते कळवा, म्हणजे मी त्या दिवशी पाळी बदलून घेईन.

त्या पत्राला मी अजून उत्तर दिलेलं नाही.